‘वयच आहे’ म्हणण्याआधी

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

मी ४४ वर्षांची. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आमचं एकत्र कुटुंब आहे, कापूस आणि ज्वारीची शेती आहे. सासूबाई ७३ वर्षांच्या, माझा मुलगा १४ चा, धाकट्या जावेची मुलगी १५ महिन्यांची. मुलगी अजून खाटेला, भिंतीला धरूनच चालते. शेजारची अकराव्या महिन्यात चालायला लागली. वॉकर आणायचं घरात चाललंय. मुलगा रात्री साडेबारापर्यंत जागा, सकाळी उठता उठत नाही, एका शब्दाला दोन शब्द देतो, हातातून ताटल्या पडतात, गुडघा दुखतो म्हणतो. सासूबाई तेच तेच विचारतात, टीव्ही मोठ्याने लावतात. मे महिन्यात तर दोन दिवस भलतंच बोलत होत्या, वारलेल्या भावाला हाका मारत होत्या, मग आपोआप बऱ्या झाल्या. माझी पाळीही पुढेमागे होते, रात्री घामाने जाग येते. घरातले म्हणतात, ज्याचं त्याचं वयच आहे. यातलं वयाचं कुठलं आणि दवाखान्याचं कुठलं?

उत्तर:

ताई, ‘वयच आहे’ हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त निदान. पुष्कळदा ते खरंही असतं. पण वयामुळे होणारा बदल महिन्या-वर्षांनी येतो, एका रात्रीत येत नाही. लहान मूल एकदा शिकलेलं विसरत नाही आणि म्हातारं माणूस दोन दिवसांत भ्रमिष्ट होत नाही. त्यामुळे तुमच्या पत्राचा क्रम सोडून मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांपासून सुरुवात करू. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, पण सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे.

गावाकडे याला ‘वात झाला’ म्हणतात, डॉक्टर डेलिरियम म्हणतात. ओळख सोपी आहे. हे तासा-दोन तासांत किंवा एका दिवसात सुरू होतं, दिवसभरात कमी-जास्त होत राहतं, संध्याकाळनंतर बहुधा वाढतं, आणि माणसाचं लक्ष एका जागी टिकत नाही. शंका आली तर रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. नेहमी जमणारं माणूस शुक्रवारीच अडकलं, भलतीकडे गेलं, तर मेंदूला कसला तरी धक्का बसलाय. कारण सहसा मेंदूच्या बाहेर सापडतं: अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, अडलेली लघवी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, साखर उतरणं, किंवा नवीन गोळी. सर्दीच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या या वयात विशेष त्रास देतात. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला तरी ताप किंवा जळजळ असेलच असं नाही. बरळणं हेच पहिलं लक्षण असू शकतं.

आपल्याकडचा मे महिना म्हणजे जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवण्यात कमी पडतात, घामही कमी येतो. म्हणजे ‘तहान लागली की पितील’ हा हिशोब सत्तरीनंतर चालत नाही. त्यात बीपीच्या अनेक गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. सकाळी गोळी, दुपारी पत्र्याखालची खोली, आणि लघवीला उठावं लागू नये म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी. सासूबाईंचं असंच झालं असेल असं पत्रावरून छातीठोक सांगता येणार नाही, पण पहिला संशय तोच. पुढच्या फाल्गुनापासून त्यांच्यासाठी एक लिटरची बाटली वेगळी ठेवा. ती दिवसातून दीड ते दोन वेळा रिकामी झाली पाहिजे. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बीपी असेल तर ताकात मीठ घालायचं की नाही, तेही.

पुन्हा तसं झालं तर ‘आपोआप बऱ्या होतील’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध असेल तर तो उष्माघात धरून चला: सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून पंख्याचा वारा द्या आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, घोट-घोट. पाकीट नसेल तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकलं की फायद्याऐवजी नुकसान होतं. मधुमेह असेल तर साखर लगेच तपासा.

आता त्यांचं तेच तेच विचारणं. शेजारणीचं नाव ओठावर येतं पण बाहेर येत नाही आणि दहा मिनिटांनी भाजी निवडताना आठवतं, हे वयाचं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणंही. पण नुकतंच दिलेलं उत्तर खूण सांगूनही न आठवणं, रोजच्या गल्लीत वाट चुकणं, वरणात दोनदा मीठ पडणं, नोटांचा हिशोब गोंधळणं हे वयात धरू नका. पंधरा दिवस एका वहीत तारीख, वेळ आणि काय झालं एवढंच लिहा. डॉक्टरांना ‘खूप विसरतात’ या वाक्यापेक्षा ती दोन पानं दहापट कामाची. एकदा डेलिरियम होऊन गेलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीची तपासणी दोन-तीन महिन्यांनी करून घ्यावीच, कारण कुठे तरी राखीव शक्ती कमी झाल्याची ती खूण असू शकते.

तपासणीत आधी बरी होऊ शकणारी कारणं बघतात: बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, किडनीसाठी क्रिएटिनिन. शाकाहारी असतील, किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असतील, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता जास्त. उदासीही विसरभोळेपणाचं सोंग घेऊन येते. गेल्या काही महिन्यांत डोक्यावर पडल्या असतील तर तेही सांगा. मेंदूभोवती हळूहळू साचलेलं रक्त कित्येक आठवड्यांनी असंच दिसतं.

टीव्हीचा आवाज मात्र मी कानाच्या खात्यात टाकेन. उतारवयात कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही व्यंजनं त्याच पट्टीत असतात, स्वर खालच्या पट्टीत. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार. आणि जे नीट कळलंच नाही, ते आठवणार कुठून? ओरडून बोललात तर स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच दबलेली राहतात, आणि त्यांना वाटतं सून अंगावर येते. समोर बसून, तीन-चार फुटांवरून, उजेडात, जरा सावकाश बोला. आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. काडी नको, गरम तेलही नको. मळ नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. श्रवणयंत्र सांगितलं तर पहिला महिना कटकटीचा जातो; भांड्यांचा, पंख्याचा आवाजही मोठा येतो. रोज तासभर लावून वेळ वाढवत नेली की सवय होते. उगाच सांगत नाही: मध्यमवयापासूनची, उपचार न केलेली बहिरेपणाची तक्रार स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांत मोजली जाते.

पायांकडेही बघा. ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी, आणि पाच वेळा उठा-बसायला सांगा. तुम्ही शेजारी उभ्या राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्यांची ताकद घटली आहे आणि पडण्याचा धोका आहे. औषध म्हणजे हाच व्यायाम, दिवसातून दोनदा, पाच ते आठ उठा-बशा. त्याला जोड हवी प्रथिनांची. किडनी ठीक असेल तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण साधारण ७ ग्रॅम देतं, पाव लिटर दूध ८. आपली कळण्याची भाकरी इथे शहाणी ठरते: चार वजनी भाग ज्वारीला एक भाग उडीद दळला तर १०० ग्रॅम पिठात साधारण १२ ग्रॅम प्रथिनं होतात, आणि ज्वारीत कमी असलेला लायसिन हा प्रथिनाचा घटक उडीद भरून काढतो. दात नसतील तर भाकरी वरणात कुस्करून द्या. नुसता चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्यांचे पाय लवकर जातात.

मुलाचं बरंचसं खरोखर वयाचं आहे, पण कसं ते कळलं तर घरातली अर्धी भांडणं वाचतील. मुलांमध्ये वयात येण्याची सुरुवात ९ ते १४ या वर्षांत कधीही होते आणि उंचीचा सगळ्यात मोठा झपाटा साडेतेरा-चौदाच्या आसपास येतो. त्या एका वर्षात ९-१० सेंटीमीटर वाढ होते. शरीर सगळीकडून एकदम वाढत नाही. आधी पंजे आणि हात, मग पाय, शेवटी धड. चपलेचा नंबर उंचीच्या आधी बदलतो तो यामुळे. हातापायांची लांबी बदलली तरी मेंदूतला अंदाज जुनाच असतो, म्हणून ताटली पडते, उंबऱ्याला ठेच लागते. ‘लक्ष कुठंय तुझं’ हा प्रश्न या बाबतीत अन्यायाचा.

गुडघा कुठे दुखतो ते बोटाने दाखवायला सांगा. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा उंचवटा दाबल्यावर दुखत असेल आणि कबड्डी किंवा धावण्यानंतर वाढत असेल, तर तिथल्या वाढत्या हाडावर मांडीचा स्नायू ताण देतोय. खेळ बंद करू नका, निम्म्यावर आणा; खेळून आल्यावर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, आणि मांडीचा पुढचा भाग ताणण्याचा व्यायाम. वाढ थांबली की हे थांबतं. मात्र लंगडणं, सूज, ताप, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तर एक्स-रे हवाच. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. मुलगा वजनाने जड असेल आणि पाय बाहेर वळवून चालत असेल, तर डॉक्टरांना खुबाही बघायला सांगा, आणि त्यात दिवस घालवू नका.

काही गोष्टी त्याच्या वडिलांनी किंवा काकाने सांगायच्या आहेत. रात्री वीर्यस्खलन होणं, आवाज फाटणं, छातीला बोंडाखाली दुखरी गाठ येणं. ही गाठ निम्म्याहून अधिक मुलांना येते आणि सहा महिने ते दोन वर्षांत जिरते. पण कुणी सांगितलं नाही तर पोरगं पोहायला जायचं सोडतं, शर्ट काढत नाही, आणि घरच्यांना वाटतं लाजाळू झाला. उलट बाजूने, चौदा पूर्ण झाले तरी वृषणांची वाढच सुरू झाली नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

झोपेचं म्हणाल तर या वयात मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक एक-दोन तास उशिरा वाढायला लागतं. दहाला पडला तरी बारापर्यंत झोप न येणं हा सगळाच हट्ट नसतो. पण गरज ८ ते १० तासांचीच राहते, आणि मोबाइल त्या दोन तासांचे तीन करतो. झोपायची वेळ बदलायला जाल तर हराल. उठायची वेळ पकडा. रोज एकाच वेळी उठवणं, रविवारीही तासाभराहून जास्त सूट नाही, उठल्यावर वीस-तीस मिनिटं अंगणात किंवा शेताच्या वाटेवर उजेडात, दुपारी चारनंतर चहा बंद, दहाला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि हो, मोठ्यांचेही तिथेच. उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. एकदम दोन तास आणायला गेलात तर चौथ्या दिवशी सगळं मोडतं.

उलट बोलण्यामागे मेंदूचं वेळापत्रक आहे. बक्षिसाचा, मजेचा भाग या वयात जोरात असतो. आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत राहतो. आणि मित्र बघत असले की तोल आणखी जातो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या खेळावर हे तपासलं: मित्र शेजारी असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटे असतानाच्या साधारण दुप्पट जोखीम घेतली, २४ च्या पुढच्यांमध्ये तसा फरक पडला नाही. हे मी मोटारसायकलीसाठी लिहितोय. ‘शेतापर्यंतच तर जातो’ म्हणून किल्ली देऊ नका. तिघं बसले की चालवणारं पोरगं तेच राहत नाही. कायद्यानेही २०१९ पासून अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बोलायचं असेल ते चारचौघांत नको, रात्री दहानंतर नको, आणि एका वेळी एकच गोष्ट.

वयावर ढकलू नये असं काय? दोन आठवड्यांहून जास्त सलग उदास राहणं, मित्र तोडणं, आवडता खेळ सोडणं, जेवण उतरणं, ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचं बोलणं. तेव्हा सरळ विचारा, ‘मरायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि आजच करायचं काम म्हणजे कपाशीची फवारणीची औषधं घरातून काढून लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवा, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. रागाच्या भरातल्या पोराचे ते वीस-तीस मिनिटं टळले तर जीव वाचतो. रांगत-चालत सगळं तोंडात घालणारी पंधरा महिन्यांची मुलगी आणि बाटल्यांत गल्लत करू शकणाऱ्या सासूबाई, दोघींनाही तेच कुलूप लागतं. पाण्याच्या बाटलीत औषध काढून ठेवायची सवय असेल तर ती आजपासून बंद.

छोटीबद्दल काळजी सोडा, निदान तीन महिने. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून २००६ मध्ये जे टप्पे ठरवले, त्यात आधाराशिवाय चालण्याची मर्यादा ८.२ ते १७.६ महिने आहे. शेजारची अकराव्यात आणि तुमची सोळाव्यात, दोन्ही त्याच रांगेत. वेळेआधी जन्मली असेल तर तितके आठवडे वजा करून वय मोजा. वॉकर नको. त्यात पोर पंजांच्या टोकांवर ढकलत फिरतं, पाय दिसत नाहीत म्हणून तोल शिकत नाही, आणि ओट्यावरून किंवा चुलीजवळ जाऊन अपघात होतात. अनवाणी, सारवलेल्या किंवा घसरट नसलेल्या जमिनीवर, खाटेपासून खुर्चीपर्यंत हातभर अंतर ठेवून खेळणं दाखवा, बस. अठरा महिने पूर्ण होऊनही चालली नाही, एकच बाजू वापरते, सतत टाचा उचलून चालते, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, हाकेला वळत नाही, किंवा येत असलेला शब्द वा कृती गेली, तर अंगणवाडीताईंमार्फत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. ते पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. आलेलं कौशल्य गेलं तर कुठल्याही वयात थांबायचं नाही, लगेच दाखवायला जायचं. अंगणवाडीत मिळणारं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली चालू आहे ना बघा. आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. दुधावर पोट भरणारं मूल वरण-भाकरी खात नाही, रक्त कमी होतं आणि चालण्याचीही हौस राहत नाही.

राहिलात तुम्ही. ४४ व्या वर्षी पाळी पुढेमागे होणं आणि रात्री घाम येणं रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळाला जुळतं. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास थांबते आणि त्याआधी तीन-चार वर्षं ही ओढाताण चालते. चिडचिडीत संप्रेरकांचा वाटा आहे, मोडलेल्या झोपेचाही आहे, आणि चार वयांची माणसं एकटीने सांभाळण्याचाही. तिसरा वाटा गोळीने जात नाही. सासूबाईंची बाटली भरणं आणि संध्याकाळच्या उठा-बशा मोजणं मुलाकडे द्या, वही जावेकडे. थायरॉइडही अगदी अशीच लक्षणं देतं, म्हणून टीएसएच करून घ्या. तासा-दोन तासांत पॅड बदलावा लागणं, मोठ्या गाठी पडणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, आणि पुढे कधी वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा डाग दिसणं, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. पाळी अनियमित असली तरी गर्भ राहू शकतो. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं गर्भनिरोधक साधन चालू ठेवावं. हाडांची झीज याच काळात वेग घेते, तेव्हा रोज अर्धा लिटर दूध किंवा ताक-दही आणि तिळाची चटणी तुमच्या ताटातही असू द्या, सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलं तर नव्हे.

सासूबाईंना दाखवायला जाल तेव्हा त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, सर्दी-खोकल्याचीसुद्धा. आणि केसपेपर काढताना त्याच खिडकीवर स्वतःच्या नावाचाही काढा. हिमोग्लोबिन आणि टीएसएच दोघींचं एकाच दिवशी होतं.